टपालातले विष, काउंटरवरचे औषध

ओहायो राज्याच्या नैऋत्य भागात, डेटन शहरापासून अर्ध्या तासावर असलेल्या एका लहान गावात मी गेली १८ वर्षे औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करते आहे. २०१५ सालच्या जानेवारीतला एक शुक्रवार माझ्या मनातून जात नाही. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते, बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि छपरांची कामे करणारा पंचविशीतला एक मुलगा डांबराचे डाग पडलेल्या जाकिटाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेले प्रिस्क्रिप्शन काढून माझ्यासमोर उभा होता. प्रिस्क्रिप्शन ब्युप्रेनॉर्फिनचे होते. अफूच्या जातीच्या कोणत्याही नशेतून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाची तलफ आणि अंगदुखी थांबवणारे हे औषध. कागदावर डॉक्टरांची सही होती, तारीख होती, मात्राही बरोबर होती. नव्हते ते फक्त एक अक्षर.

त्या वेळच्या कायद्याप्रमाणे ब्युप्रेनॉर्फिन लिहिणाऱ्या डॉक्टरला नेहमीच्या परवाना क्रमांकाखेरीज ‘एक्स’ या अक्षराने सुरू होणारा दुसरा क्रमांक घ्यावा लागे. त्यासाठी आठ तासांचे प्रशिक्षण घ्यायचे आणि पहिल्या वर्षी एका वेळी ३०पेक्षा जास्त रुग्णांना हे औषध द्यायचे नाही, अशी बंधने होती. तो क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर नसेल तर औषध देणे मला गुन्हा ठरले असते. डॉक्टर क्रमांक लिहायला विसरले होते, दवाखान्याच्या फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज ‘सोमवारी फोन करा’ असे सांगत होता. मी त्या मुलालाही सोमवारी यायला सांगितले. ‘सोमवारी?’ एवढेच तो म्हणाला. त्याचे नाक गळत होते, तो सारखी जांभई देत होता आणि दोन्ही हात काखेत धरून उभा होता. त्याच डॉक्टरांनी त्याच कागदावर ऑक्सिकोडोन या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाच्या साठ गोळ्या लिहिल्या असत्या तर त्या देताना मला कोणत्याही जादा क्रमांकाची गरज पडली नसती. सोमवारी दुपारी दवाखान्याने दुरुस्त केलेले प्रिस्क्रिप्शन फॅक्सने पाठवले. मी औषध पिशवीत घालून, नाव लिहून, खणात ठेवले. ठरलेली मुदत संपेपर्यंत ती पिशवी तिथेच होती. मग मी ती उघडली आणि औषध पुन्हा कपाटात लावले.

आमच्या राज्याचे माजी रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन यांनी व्यसनाविरुद्ध केलेल्या कामाविषयी मला जे काही वाटते, त्याची सुरुवात त्या पिशवीपासून होते. मी त्यांच्या पक्षाची मतदार नाही आणि त्यांना कधी भेटलेलेही नाही. पण त्यांनी लिहिलेल्या किंवा पुढे रेटलेल्या कायद्यांचे परिणाम माझ्या काउंटरवर रोज दिसत होते, म्हणून मी ते मजकुरासह वाचत गेले. राजकारणातली माणसे या विषयावर भाषणे पुष्कळ करतात. पोर्टमन यांनी भाषणांबरोबर एक वेगळी गोष्ट केली: पार्सलावरची माहिती, लिहून देण्याचा अधिकार, अनुदानाच्या अटी अशा रूक्ष तपशिलांमध्ये ते वर्षानुवर्षे लक्ष घालत राहिले. माणसे नेमकी त्या तपशिलांत अडकून मरतात, हे मी त्या शुक्रवारी पाहिले होते.

या विषयात मी एवढी का गुंतले, याचे मूळ ओहायोत नसून पुण्याच्या नाना पेठेत आहे. माझा धाकटा मामा १९८५च्या सुमारास गर्दच्या नादी लागला. ब्राउन शुगरला तेव्हा सगळे पुणे गर्द म्हणत असे, आणि ती ओढणाऱ्याला गर्दुल्ला. हा शब्द उच्चारताना लोकांच्या तोंडावर जो भाव येई, तो मला सात-आठ वर्षांची असतानाही कळत होता. घरातून तांब्याची भांडी नाहीशी झाली, मग आजीच्या पाटल्या. कोणी विचारले की आजी ‘तो गावाला गेलाय’ म्हणून सांगे. १९८६च्या ऑगस्टमध्ये डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने येरवड्यात मुक्तांगण सुरू केले आणि पुढच्या वर्षी मामा तिथे दाखल झाला. त्याला टर्की लागली तेव्हाचे, म्हणजे नशा अंगातून उतरतानाचे वर्णन त्याने मला फार नंतर, मी फार्मसी शिकत असताना सांगितले: हाडांच्या आत मुंग्या चालतात, स्वतःच्या कातडीत राहणे नकोसे होते आणि जगातली एकच गोष्ट हे क्षणात थांबवू शकते हे ठाऊक असते. मामा दोनदा घसरला, तिसऱ्यांदा सावरला, आणि पुढे त्याने अप्पा बळवंत चौकाजवळ झेरॉक्सचे दुकान चालवले. त्या मुलाच्या काखेत धरलेल्या हातांचा अर्थ मला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

पोर्टमन सिनसिनाटीचे. १९९३ साली ते प्रतिनिधिगृहात निवडून गेले आणि सुरुवातीच्या काळातच त्यांच्या मतदारसंघातली एक आई त्यांना भेटायला आली. तिचा किशोरवयीन मुलगा नशेपायी गेला होता आणि तुम्ही याबाबत काय करणार आहात, असे तिने त्यांना विचारले. अमली पदार्थांविरुद्ध वॉशिंग्टनने किती पैसा खर्च केला याचे आकडे त्यांच्याजवळ होते. त्या बाईच्या वस्तीत, तिच्या मुलाच्या शाळेत नेमके काय होत आहे, याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. १९९६ साली त्यांनी सिनसिनाटीत पालक, शाळा, पोलीस आणि डॉक्टर यांना एकत्र आणणारी स्थानिक आघाडी उभी केली आणि १९९७ साली अशा आघाड्यांना केंद्राकडून अनुदान देणारा कायदा मंजूर करून घेतला. पुढे ते अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी झाले, नंतर अर्थसंकल्प कार्यालयाचे प्रमुख झाले, आणि २०११ साली सिनेटर म्हणून परतले. व्यापार खात्यातला हा अनुभव मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे टपालाचा प्रश्न आला तेव्हा सीमेवरून माल कसा आत येतो आणि त्याच्याबरोबर कोणता कागद यावा लागतो, हे त्यांना इतरांपेक्षा लवकर उमगले.

दरम्यान ओहायोत काय घडले ते थोडक्यात सांगते. दक्षिणेला ओहायो नदीकाठी पोर्ट्‌समथ नावाचे गाव आहे. बुटांचे कारखाने आणि पोलाद गेल्यावर ओस पडलेल्या या गावात वेदनाशामक गोळ्या रोख पैशांवर वाटणारे दवाखाने उघडले. २०११ साली राज्याने कायदा करून ते बंद केले, परंतु गोळ्यांची सवय लागलेल्या माणसांसाठी पर्यायी उपचार उभे केले नाहीत. ती माणसे हेरॉइनकडे गेली आणि काही वर्षांत हेरॉइनमध्ये फेंटॅनिल येऊन मिसळले.

फेंटॅनिल हे मुळात औषध आहे, आणि चांगले औषध आहे. पॉल यान्सेन या बेल्जियन शास्त्रज्ञाने १९६०च्या सुमारास ते बनवले. शस्त्रक्रियेत ते रोज वापरले जाते. कर्करोगाच्या रुग्णांसाठी त्याच्या चिकटपट्ट्या मी स्वतः देते आणि वापरलेली पट्टी चिकट बाजू आत करून दुमडा, लहान मुलाच्या हाताला लागू देऊ नका, असे प्रत्येक वेळी बजावते. ते मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र असते. सवय नसलेल्या माणसाला दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे मोजके कण, प्राणघातक ठरू शकतात. हेरॉइनसाठी अफूची शेती लागते, चीक काढणारे हात लागतात, पावसाची वाट पाहावी लागते. फेंटॅनिलला शेत लागत नाही. रसायने, एक खोली आणि थोडे ज्ञान यांवर ते तयार होते, आणि नेण्यासाठी गलबत किंवा ट्रक लागत नाही. हिशोब साधा आहे: ५० ग्रॅमच्या लिफाफ्यात दोन मिलिग्रॅमचे २५,००० भाग मावतात. एवढा लिफाफा पोस्टमन सहज दारात टाकून जातो.

२०१६च्या उन्हाळ्यात कारफेंटॅनिल आले. हत्तीसारख्या प्रचंड जनावरांना गुंगी देण्यासाठी वापरतात ते हे द्रव्य, मॉर्फिनच्या १०,००० पट तीव्र. ऑगस्ट महिन्यात सिनसिनाटी परिसरात सहा दिवसांत १७४ माणसे अतिमात्रेने कोसळली. मला तो आठवडा रुग्णवाहिकांच्या आवाजावरून आठवतो. श्वास थांबलेल्या माणसाला परत आणणाऱ्या नॅलोक्सोनची एक मात्रा तेव्हा पुरत नसे, दोन-तीन द्याव्या लागत. आमच्या राज्याने २०१५ साली फार्मासिस्टला प्रिस्क्रिप्शनशिवाय नॅलोक्सोन देण्याची मुभा दिली होती, तरी मागायला येणारी माणसे दुकान रिकामे होण्याची वाट पाहत शुभेच्छापत्रांच्या रांगेत घुटमळत. एक आजी आपल्या नातवासाठी ते घेऊन गेली आणि मला म्हणाली, ‘पिशवी पांढरी नको, खाकी दे.’ आमच्या दुकानात औषधाच्या पिशव्या पांढऱ्या असत आणि किराणा सामानाच्या खाकी. मला माझी आजी आठवली, ‘गावाला गेलाय’ म्हणणारी.

त्याच वर्षी, २२ जुलै रोजी, पोर्टमन आणि ऱ्होड आयलंडचे डेमोक्रॅट सिनेटर शेल्डन व्हाइटहाउस यांनी मिळून लिहिलेला व्यसन आणि व्यसनमुक्ती यांविषयीचा सर्वंकष कायदा अध्यक्ष ओबामा यांच्या सहीने अमलात आला. मार्चमध्ये सिनेटने तो ९४ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर केला होता. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की ‘कारा’ होते. मराठीत कारा म्हणजे तुरुंग. आणि हा कायदा तर व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचाराकडे वळवण्यासाठी पैसे देणारा होता. हा योगायोग मला पहिल्यांदा वाचला तेव्हापासून हलवून जातो. व्यसन हा आजार आहे हे वाक्य मुक्तांगणच्या भिंतींआड १९८६ साली बोलले जात होते. अमेरिकेच्या संसदेने दोन्ही पक्षांच्या जवळपास सर्व मतांनी ते कायद्याच्या भाषेत लिहायला २०१६ साल उजाडले.

त्या कायद्यातले एक कलम माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे होते आणि वर्तमानपत्रांनी त्याला दोन ओळीही दिल्या नाहीत. ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार तोपर्यंत फक्त डॉक्टरांना होता. या कलमाने तो नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून औषधे लिहिणाऱ्या उच्चशिक्षित परिचारिका) आणि फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांबरोबर रुग्ण तपासणारे सहायक) यांनाही, २४ तासांच्या प्रशिक्षणानंतर, मिळाला. शहरातल्या वाचकाला याचे महत्त्व चटकन जाणवणार नाही. आमच्यासारख्या तालुक्यात पूर्णवेळ डॉक्टर मिळण्याची मारामार असते, आणि मिळाला तरी त्याला पहिल्या वर्षी ३० रुग्णांची मर्यादा. पण बहुतेक लहान दवाखान्यांत एखादी नर्स प्रॅक्टिशनर असते. तीच लोकांचे रक्तदाब तपासते, मधुमेहाची औषधे बदलते, आणि कोणाचा मुलगा कुठे कामाला आहे हेही तिला माहीत असते. २०१७च्या उत्तरार्धात माझ्या काउंटरवर पहिल्यांदा एका नर्स प्रॅक्टिशनरच्या सहीचे, एक्स क्रमांक असलेले प्रिस्क्रिप्शन आले. मी ते दोनदा वाचले.

त्या काळात एक गैरसमज रोज ऐकू येई आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही: एक नशा सोडवायला दुसरी नशा द्यायची, यात कसली आली मुक्ती? माझे उत्तर व्यवसायाच्या अनुभवातून आलेले आहे. हेरॉइन किंवा फेंटॅनिल मेंदूतल्या ज्या जागी जाऊन बसते, तिथेच ब्युप्रेनॉर्फिन जाऊन बसते, पण ते त्या जागेचा दरवाजा अर्धाच उघडते. अंगदुखी आणि तलफ शमते. मात्रा वाढवत नेली तरी एका टप्प्यापुढे परिणाम वाढत नाही आणि दुसरी नशा त्या जागी शिरायला आली तर तिला सहज बसता येत नाही. त्यामुळे माणूस सकाळी उठून कामावर जाऊ शकतो. मामाच्या वेळी हे औषध त्याला उपलब्ध नव्हते. त्याने सगळी टर्की अंगावर काढली. त्याच्याबरोबर त्या तुकडीत असलेले सगळेच त्यातून तरले नाहीत.

आता टपालाविषयी. पोर्टमन सिनेटच्या तपास उपसमितीचे अध्यक्ष होते आणि टॉम कार्पर हे तिच्यातले ज्येष्ठ डेमोक्रॅट सदस्य. या उपसमितीच्या कर्मचाऱ्यांनी इंटरनेटवर फेंटॅनिल शोधले, ग्राहक असल्याचे भासवून परदेशातल्या सहा विक्रेत्यांशी पत्रव्यवहार केला आणि मालाची खरेदी न करता पैशांचा माग काढला. २०१८च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अहवालात पाचशेहून अधिक व्यवहार, सुमारे २,३०,००० डॉलर आणि अमेरिकेतले तीनशेहून अधिक खरेदीदार नोंदलेले आहेत. त्यांतल्या सात जणांचा अतिमात्रेने मृत्यू झाल्याचे तपासनिसांना आढळले. विक्रेत्यांना माल खाजगी कुरिअरने पाठवायचा नव्हता, सरकारी टपालानेच पाठवायचा होता, आणि सरकारी टपालाने पाठवल्यास तो पोचण्याची हमी द्यायला ते तयार होते. त्याचे कारण २००२ सालच्या कायद्यात होते. २००१च्या हल्ल्यानंतर खाजगी कुरिअर कंपन्यांवर बंधन घातले गेले, की परदेशातून येणाऱ्या प्रत्येक पार्सलाविषयी पाठवणारा कोण, घेणारा कोण आणि आत काय, ही माहिती पार्सल येण्याआधी संगणकावरून सीमाशुल्क खात्याला कळवायची. टपाल खात्याला मात्र ही सक्ती झाली नाही. २०१७ साली परदेशातून आलेल्या कोट्यवधी टपाल-पार्सलांपैकी एक तृतीयांशाहून थोड्याच अधिक पार्सलांविषयी अशी माहिती आगाऊ मिळत होती.

हे वाचताना मला आईचे दिवाळीचे पार्सल आठवले. दरवर्षी ती पुण्याहून चकल्या, चिवडा आणि अनारसे पाठवते आणि त्यावरच्या फॉर्मवर आपल्या टपोऱ्या अक्षरात, पत्रिका लिहावी तसे, ‘होममेड स्नॅक्स, दोन किलो’ असे लिहिते. तो फॉर्म इथल्या यंत्रणेतल्या कोणाच्या हाती पडायचा तो पार्सल विमानतळावर उतरल्यावर, आणि तेव्हाही लाखो पार्सलांच्या ढिगात. आईच्या अनारशांचा आणि ५० ग्रॅमच्या त्या लिफाफ्याचा प्रवास एकाच पट्ट्यावरून, तितक्याच बेफिकिरीने होत होता.

पोर्टमन यांनी मिनेसोटाच्या डेमोक्रॅट सिनेटर एमी क्लोबुशार यांच्यासह जो उपाय सुचवला तो ‘स्टॉप’ कायदा म्हणून ओळखला जातो: टपाल खात्यानेही ही माहिती आगाऊ घ्यावी, चीनमधून येणाऱ्या सर्व पार्सलांविषयी २०१८ अखेर आणि सर्व देशांतून येणाऱ्या सर्व पार्सलांविषयी २०२० अखेर. अफूजन्य द्रव्यांविषयीच्या एका मोठ्या कायद्याचा भाग म्हणून सिनेटने तो ९८ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला आणि २४ ऑक्टोबर २०१८ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर सही केली. त्याच मोठ्या कायद्याने नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट यांना दिलेला ब्युप्रेनॉर्फिनचा तात्पुरता अधिकार कायमचा केला. टपालाचे दार लावणारे आणि उपचाराचे दार उघडणारे अशी दोन्ही कलमे एकाच बाडात बांधली गेली.

पुढे काय झाले? १ मे २०१९ पासून चीनने फेंटॅनिलच्या संपूर्ण कुळावर नियंत्रण आणले. तयार माल चीनमधून थेट टपालाने येणे कमी झाले. पण चिनी रसायने मेक्सिकोला जाऊ लागली, तिथल्या टोळ्या त्यांपासून फेंटॅनिल बनवून, ऑक्सिकोडोनच्या गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या निळ्या गोळ्यांत दाबून, जमिनीवरच्या सीमेवरून पाठवू लागल्या. टपालाच्या कायद्याचे नियम सीमाशुल्क खात्याने प्रत्यक्षात काढले ते २०२१च्या मार्चमध्ये, ठरलेली मुदत उलटून गेल्यावर. २०१७ साली देशात सर्व प्रकारच्या अतिमात्रेने ७०,२३७ माणसे गेली होती. २०२१ साली तो आकडा १,०६,६९९ झाला. अलीकडे तो उतरू लागला आहे आणि २०२४ साली तो ८०,००० च्या आसपास आला, पण ही उतरण फार उशिरा आली.

म्हणून स्टॉप कायदा फसला असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. घरात साप शिरत असलेले भोक बुजवल्यावर तो दुसरीकडून आला, म्हणून पहिले भोक उघडे ठेवायला हवे होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु पुरवठा अडवणारा कायदा विषाला दुसरी वाट शोधायला लावतो आणि ही वाट सापडायला एखादे वर्ष पुरते, हे मी काउंटरवरून पाहिले. उपचाराची अडचण दूर करणाऱ्या कायद्याचे तसे होत नाही. नर्स प्रॅक्टिशनरला दिलेला अधिकार २०१७ साली जेवढा उपयोगी होता, तेवढाच तो आजही आहे. त्याला वळसा घालून जाणारे कोणी नाही. पोर्टमन यांच्या नावाशी टपालाचा कायदा अधिक जोडला जातो, ते स्वतःही त्याविषयी अधिक बोलले, पण माझ्या मते त्यांचे टिकलेले काम ते दुसरे आहे.

आणि एका गोष्टीबद्दल मी त्यांना माफ करू शकलेले नाही. उपचार फुकट होत नाहीत. ओहायोत रिपब्लिकन गव्हर्नर जॉन केसिक यांनी गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनेची व्याप्ती वाढवली होती, आणि माझ्याकडे ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचे पैसे तीच योजना भरत होती. २०१७च्या उन्हाळ्यात ज्या कायद्यामुळे ही वाढ शक्य झाली, तो ओबामा यांच्या काळातला आरोग्यविमा कायदा मोडीत काढण्याचा प्रयत्न पोर्टमन यांच्या पक्षाने केला. पहिल्या मसुद्याला मेडिकेडच्या कारणावरून त्यांनी विरोध दर्शवला, व्यसनाच्या उपचारांसाठी वेगळे ४५ अब्ज डॉलर मागितले आणि कायदा सरळ रद्द करण्याच्या ठरावाविरुद्ध स्वपक्षातल्या मोजक्या सहा जणांसोबत मतही दिले. पण त्याच आठवड्यात, थोडी दुरुस्ती पदरात पाडून घेऊन, मेडिकेडला मोठी कात्री लावणाऱ्या मसुद्याला त्यांनी होकार दिला. तो मसुदा ४३ विरुद्ध ५७ मतांनी पडला. मी त्या रात्री दुकान बंद करून घरी गेले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कायदा नव्हता, कोणकोणत्या ग्राहकांचे पुढच्या महिन्याचे औषध थांबले असते त्यांची नावे होती. स्वतः लावलेल्या झाडाच्या मुळाशी घाव घालायला हात उचलावा, तसे ते मत होते. काराच्या बाबतीतही तसेच: अनुदानाचे आकडे त्यात लिहिले होते, पण हाती येणारा पैसा वेगळ्या कायद्यांतून, तुकड्यातुकड्यांनी येत राहिला.

हे सगळे इथलेच आहे, आपल्याकडचे नाही, असे मला कोणी पुण्यात म्हणाले की मी पालघरचे नाव घेते. २०२५च्या फेब्रुवारीत बीबीसीच्या तपासातून उघड झाले, की पालघर जिल्ह्यातला एक औषध कारखाना टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या एकत्रित गोळ्या घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टकडे पाठवत होता. टॅपेंटाडॉल हे कृत्रिम अफूजन्य द्रव्यच आहे, आणि या मिश्रणाला जगात कुठेही परवानगी नाही. बातमीनंतर सरकारने त्या मिश्रणाच्या निर्यातीची परवानगी मागे घेतली आणि कारखान्याचे उत्पादन थांबवले. २०१८च्या एप्रिलमध्ये भारताने त्याच जातीचे ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले होते; मग व्यापार टॅपेंटाडॉलकडे वळला. टपाल बंद झाल्यावर मेक्सिको, आणि ट्रॅमाडॉल बंद झाल्यावर टॅपेंटाडॉल. माझ्या बी. फार्म.च्या वर्गातले काही जण बोईसर-पालघरच्या पट्ट्यात नोकरी करतात, सचोटीने करतात. घानातल्या आक्रा शहरातल्या एखाद्या फार्मासिस्टच्या काउंटरसमोर उभ्या असलेल्या मुलाच्या खिशात आपल्या जिल्ह्याचे नाव छापलेली गोळ्यांची पट्टी असावी, याची त्यांना जशी लाज वाटली, तशीच मलाही वाटली. निर्यातीच्या परवान्याचा फॉर्म घेऊन बसणारा, आत काय आहे आणि ते कोणाकडे चालले आहे हे विचारत राहणारा लोकप्रतिनिधी विधानभवनात आणि संसदेतही हवा आहे. आपल्या १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यात स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम आहे. त्या कलमाचा लाभ किती जणांना मिळतो, हे एकदा कोणीतरी सभागृहात उभे राहून विचारावे.

एक्स या अक्षराचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी पॉल टोंको यांनी ती अटच काढून टाकणारे विधेयक आणले होते. सिनेटमध्ये मॅगी हॅसन आणि लिसा मर्कोव्स्की यांनी ते उचलून धरले आणि २०२२च्या डिसेंबरमध्ये वार्षिक खर्चाच्या प्रचंड विधेयकात ते सामील झाले. पोर्टमन यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे ठरवले होते. त्या विधेयकाच्या बाजूने दिलेले मत हे सिनेटर म्हणून त्यांच्या अखेरच्या मतांपैकी एक. २९ डिसेंबरला त्यावर सही झाली, आणि पाच दिवसांनी त्यांचा कार्यकाळ संपला.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी चाळिशीची एक बाई काउंटरवर आली. बाहेर बर्फ नव्हता, पाऊस होता. प्रिस्क्रिप्शन तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्स प्रॅक्टिशनरने संगणकावरूनच पाठवले होते आणि ते माझ्या पडद्यावर येऊन थांबले होते. आमची प्रणाली अजून नव्या कायद्याप्रमाणे बदललेली नव्हती. पडद्यावर एक्स क्रमांकाची चौकट तशीच होती, रिकामी, आणि तिच्यात कर्सर लुकलुकत होता. ‘काही अडचण आहे का?’ त्या बाईने विचारले. तिने दोन्ही हात काउंटरच्या कडेवर घट्ट धरले होते. मी नाही म्हटले, चौकट रिकामी ठेवून पुढच्या रकान्यात गेले, कपाटाची किल्ली काढली आणि चौदा दिवसांचे औषध मोजायला घेतले.